एकतीस दिवे

"मग खातंय कोण, उस्ताद?"

जोतिराम पाटोळेने हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल उस्तादांनी तिसऱ्यांदा चहाच्या बशीवर फुंकर मारली.

मलकापुरात, आंबा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उस्तादांचं पत्र्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं ते आपलं सवयीनं. एक लोखंडी शटर, एक बाकडं आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी. एके काळी घाट चढणारा-उतरणारा ट्रक इथं थांबल्याशिवाय पुढे जात नसे. कुणाचा हॉर्न बसलेला, कुणाचा एक डोळा गेलेला. दारात गुळाचा, मासळीचा आणि डिझेलचा असा काही मिसळलेला वास असायचा की, नव्या माणसाला मळमळावं आणि जुन्याला भूक लागावी.

आता ट्रक थांबत नाहीत. उस्तादांनी ऐंशी गाठली. तरी सकाळी आठला शटर वर जातं ते जातंच.

जोतिराम याच बाकड्यावर शिकला. पुढे पुण्याकडे गेला, हाताला यश आलं. व्हॅन घ्यायची आणि तिच्या पोटात घर बसवून द्यायचं, पलंग, ओटा, फ्रीज, दिवे, असा त्याचा धंदा. चौदा गाड्या त्याने बांधल्या. लोक त्या घेऊन लडाखला जाऊन आले. एकीचीही बॅटरी वाटेत उतरली नाही.

उतरली ती पंधराव्या गाडीची. आणि ती त्याची स्वतःची होती.

"खातंय कोण ते मागनं बघू," उस्ताद म्हणाले. "आधी सांग, ताटावर किती माणसं बसवलीस?"

"म्हणजे?"

"दिवे किती?"

जोतिरामचा चेहरा जरा उजळला. हा प्रश्न त्याला आवडायचा. त्याने दार सरकवलं आणि एकेक बटण दाबत गेला. छताला दोन पट्ट्या. पलंगाच्या उशाशी दोन, पायथ्याशी एक. ओट्यावर तीन. कपाट उघडलं की आतला आपोआप लागणारा. पायरीखाली, मोरीत, आरशाभोवती... अंधारात पाय खाली टेकला की जमिनीलगत लागणारे सहा वेगळे.

"एकतीस," तो म्हणाला. "सगळे एलईडी. हिशेबानं बसवलेत. रात्रभर सगळे जाळले तरी बॅटरी सकाळी निम्मी शिल्लक राहिली पाहिजे."

"एकतीस!" उस्तादांनी बशी खाली ठेवली. "अरं, माझ्या लग्नाच्या मांडवात एवढं नव्हतं."

"आईसाठी आहेत, उस्ताद."

उस्तादांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

जोतिरामची आई, आक्काताई, बांबवड्याला असते. तिला काचबिंदू झालाय. कडेचं दिसायचं बंद झालंय. समोरचं दिसतं, तेही फार दिवस दिसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आणि या बाईला एकच गोष्ट बघायची होती. तिने देव मागितला नाही, तीर्थ मागितलं नाही. तिला साखरप्याच्या अलीकडचा एक फणस बघायचा होता.

त्याचं असं होतं. जोतिरामचे वडील, आनंदा पाटोळे, म्हणजे आण्णा, बावीस वर्षं कोल्हापूर ते रत्नागिरी ट्रक चालवायचे. आक्काताई फडक्यात भाकरी बांधून द्यायची. आण्णा ती घाट उतरून गेल्यावर साखरप्याच्या अलीकडे एका फणसाखाली बसून खायचे. दुसरीकडे नाही, तिथंच. घरी आले की त्या फणसाचं वर्णन करायचे: बुंध्याला एक खोबण आहे, पाठ बरोबर बसते, खाली ओढा वाहतो, हात तिथंच धुतो. आक्काताई म्हणायची, एकदा मला न्या की तिकडं. आण्णा म्हणायचे, पुढच्या खेपेला.

बावीस वर्षं पुढची खेप पुढेच राहिली. मग आण्णाच राहिले नाहीत.

"माझी भाकरी कुठं बसून खाल्ली ते तरी बघू दे," एवढंच आक्काताई लेकाला म्हणाली होती. तेवढ्यासाठी जोतिरामने ही गाडी बांधली. तिचे गुडघे धरतात, म्हणून पलंग. तिला लांब चालवत नाही, म्हणून मोरी. तिला दिसत नाही, म्हणून एकतीस दिवे.

गाडी बांधून दहा महिने झाले होते. ती बांबवड्याला, घरामागच्या रिकाम्या गोठ्यात उभी असायची. जोतिराम पंधरा दिवसांनी पुण्याहून यायचा, बटण दाबायचा, आणि एकतीसपैकी एकही दिवा लागायचा नाही.

"बॅटरी दोनदा बदलली," तो आता सांगत होता. "मीटर लावून सगळी लाइन तपासली. फ्यूज बॉक्सच्या पुढे एक मिलीअँपियरसुद्धा जात नाही. तरी पंधरा दिवसांत बॅटरी मेलेली. माझ्याच हातची गाडी! चौदा लोकांना करून दिली आणि..."

त्याला शरम वाटली होती आणि रागही आला होता. स्वतःच्या धंद्यात स्वतःच फसलेला माणूस फार एकटा पडतो. हसायला सगळे असतात, सांगायला कुणी नसतं. म्हणून तो इतक्या वर्षांनी या बाकड्यावर आला होता. सकाळीच दुसरी बॅटरी जोडून उतरलेली बॅटरी थोडी भरून घेतली होती, म्हणून निदान उस्तादांना दिवे दाखवता तरी आले.

"गाडी सुरू हुतीया का?" उस्तादांनी विचारलं.

"होते की. इंजिनाची बॅटरी वेगळी. तिला काही नाही. ही नुसती आतल्या दिव्यांची."

"हं... साखरपा हितनं किती?"

"तास, सव्वा तास."

"हं," उस्ताद म्हणाले आणि उठले.

तेवढ्यात जोतिरामचा फोन वाजला. आक्काताईच होती. कमी दिसायला लागल्यापासून ती फोनवर जरा मोठ्यानेच बोलायची, त्यामुळे उस्तादांनाही सगळं ऐकू आलं.

"जोती, भाकरी बांधू का रं?"

"आई, जरा थांब. अजून सापडलं नाही."

"पिठलं घट्ट केलंय. ठेचा बी हाय."

"हो, पण... आज जमतंय का बघतो. नाही जमलं तर पुढच्या..."

तो थांबला. शब्द तोंडात आला होता, तो त्याने गिळला. "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

"कितव्यांदा बांधती?" उस्तादांनी विचारलं.

"चौथ्यांदा."

"आनि तीनदा सोडली."

तीनदा बांधलेली भाकरी तीनदा सोडून त्या दोघांनी घरीच, परसात बसून खाल्ली होती. आई चेष्टेनं म्हणाली होती, आपल्या परसात एक फणस तरी लाव बाबा.

उस्तादांनी बॅटरीचं झाकण काढलं. मीटर घेतलाच नाही. काळी तार सैल करून टर्मिनलपासून उचलली, कान तिथं नेला आणि तार परत नुसती टेकवली; कुठं वीज जात असेल तर ठिणगी वाजते.

टिच्.

"कुनीतरी जेवतंय," ते म्हणाले.

"सगळी बटणं बंद आहेत."

"मग फ्यूज काढ."

जोतिरामने फ्यूज बॉक्स उघडला. बारा फ्यूज. त्याने एकेक उपटून उस्तादांच्या तळहातावर ठेवला. लाल, निळे, पिवळे. लिमलेटच्या गोळ्यांसारखा तो ढीग उस्तादांनी मूठ मिटून धरला आणि दुसऱ्या हाताने तार पुन्हा टेकवली.

टिच्.

जोतिराम गारच पडला. बारा फ्यूज बाहेर, म्हणजे गाडीत चालू असं काही राहिलंच नव्हतं. आणि तरी कुणीतरी जेवत होतं.

"तार बसव घट्ट," उस्ताद म्हणाले, "आनि आत जाऊन बस."

त्यांनी शटर खाली ओढलं. मग गाडीचे पडदे एकामागून एक लावले, दार सरकवलं. बाहेर अकराचं ऊन होतं, पण पत्र्याखाली, पडद्याआड, गाडीत काळोख झाला.

"काय दिसतंय?" बाहेरून आवाज आला.

"काही नाही."

"नीट बघ."

"बघतोय, उस्ताद. छतावरचं बंद. ओट्याचं बंद. पायरीचं बंद. कपाटातलं..." त्याने कपाट उघडून पाहिलं. "तेही बंद."

"तुझा हात दिसतोय का तुला?"

"दिसतोय की."

"कशानं?"

...

जोतिरामने हाताकडे पाहिलं. हात लालसर दिसत होता.

ओट्याच्या वर, कोपऱ्यात, जोतिबाचा फोटो होता, आणि त्याच्या पायाशी लाल काचेचा एक बारका दिवा मिणमिणत होता.

"देवाचा दिवा तेवढा आहे," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या लक्षात आलं.

दहा महिने. दोन बॅटऱ्या. परदेशी मीटर. आणि हा दिवा त्याने एकदाही मोजला नव्हता. दिसत नव्हता असं नाही. गाडीत चढला की त्याला हात जोडत होता. पण ज्याला हात जोडायचे तेही खर्चात धरायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. काच आणि होल्डर आण्णांच्या ट्रकमधले. आई काच ओळखेल म्हणून त्याने ती जपून ठेवली होती, आणि उजेड तसाच पडावा म्हणून बल्बही जुन्या पद्धतीचाच लावला होता, पाच वॅटचा. तार थेट बॅटरीवरून. ना बटण, ना फ्यूज. पंधरा दिवसांत बॅटरी साफ करायला तेवढा पुरे होता.

आणि तार थेट का, तर तसंच शिकवलं होतं म्हणून. याच गॅरेजात. नवा चेला आला की उस्ताद त्याला पहिली तार ओढायला द्यायचे ती देवाच्या दिव्याची. ट्रक कुणाचाही असो. जोतिबाचा असो, दर्ग्याचा असो, गोव्याकडच्या गाडीतली मेरीमाता असो. उस्ताद पाच वेळचे नमाजी, पण दिवा ज्याच्या त्याच्या देवाचा सारख्याच निगुतीनं जोडायचे. आणि एकच वाक्य सांगायचे: देवाच्या दिव्याला बटण नसतंय.

जोतिराम बाहेर आला. त्याला हसू येत होतं आणि रडूही. इतका शहाणा माणूस, आणि चोर देव्हाऱ्यात!

"सापडलं, उस्ताद. पाच मिनिटांचं काम आहे. एक बटण टाकतो त्याला. नाहीतर एलईडी..."

"आनंदाच्या ट्रकाला दिवा कोन्ता व्हता?"

"हाच. हीच काच."

"तार?"

"थेट बॅटरीवर. तुम्हीच ओढलेली."

"बटण?"

"नव्हतं."

"बल्ब?"

"पाच वॅटचाच."

"बावीस वरसं," उस्ताद म्हणाले. "किती डाव बॅटरी उतरली?"

जोतिराम आठवू लागला.

ट्रक त्याच्या डोळ्यांसमोर आला. दिवेलागणीला तो बांबवड्याच्या चढावरून जायचा. माल घाईचा असला की आण्णा थांबत नसत. आई जोतिरामच्या धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन बांधावर उभी राहायची. ट्रक सगळे सारखेच, पण केबिनमध्ये एक लाल ठिपका दिसला की ती म्हणायची, "गेले बघ तुझे आण्णा." तेवढ्यावर तिचा तो दिवस पार पडायचा. ठिपका कधी चुकला नाही. कधी मंदसुद्धा दिसला नाही.

"एकदाच उतरली," तो म्हणाला.

"कवा?"

"आण्णा गेले तेव्हा. ट्रक तेरा दिवस दारात उभा होता."

...

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आई केबिनमध्ये चढली होती. आयुष्यात पहिल्यांदा. तिने ती विझलेली लाल काच पदराने पुसली होती आणि तशीच कितीतरी वेळ बसून राहिली होती. जोतिरामला हे इतक्या वर्षांनी आठवलं.

उस्ताद बाकड्यावर बसले. बारा फ्यूज अजून त्यांच्या मुठीत होते.

"तू शिकायला आलास तवा मी सांगितलं, देवाच्या दिव्याला बटण नसतंय. तू 'व्हय' म्हनलास. कशापायी ते कदी इचारलं न्हाईस."

"कशापायी?" जोतिरामने आज विचारलं.

"दिवा मंद दिसला की डायवर समजायचा, लई दिस झालं, गाडी उभी हाय. मग उठायचा. डोस्कं दुखू दे, पाऊस असू दे, उठायचा... गाडी चालली की बॅटरी आपसूक भरती, तुझी ही आतलीबी. तुला हे म्या सांगायचं व्हय? चौदा गाड्या बांधल्यास तू."

चौदा गाड्या जोतिरामला चांगल्या ठाऊक होत्या. त्या सगळ्यांत त्याने असाच दिवा बसवून दिला होता, देव वेगवेगळे, तार तीच. त्यांच्या बॅटऱ्या उतरल्या नव्हत्या. माणसं त्या घेऊन कुठं कुठं भटकत होती.

पंधरावी तेवढी गोठ्यात होती.

"पण उस्ताद," तो शेवटचा बचाव करावा तसा म्हणाला, "दिवे नीट झाल्याशिवाय तिला कशी नेऊ? तिला दिसत नाही हो. उजेड लागतो भरपूर."

"मग दिवसा जा."

एवढं साधं उत्तर!

"फणस दिवसाच दिसतो, मर्दा. गाडीच्या भाईर असतोय त्यो. तू सगळा उजीड आत करून ठिवलास."

जोतिराम शटरपाशी गेला. शटर वर केलं तसं ऊन आत आलं, थेट गाडीच्या पायरीपर्यंत. रस्त्यावरून एक टँकर घाटाकडे गेला. पलीकडच्या बाजूला रस्ता रुंद करण्यासाठी खुणा केलेल्या दिसत होत्या. कडेच्या काही झाडांच्या बुंध्यांवर पांढरे आकडे रंगवले होते. येताना तो याच रस्त्याने आला होता, पण तेव्हा त्याच्या डोक्यात बॅटरी होती. आता त्या आकड्यांचा अर्थ त्याच्या लक्षात आला: ती झाडं तोडायची होती. साखरप्याच्या अलीकडे काय असेल कुणास ठाऊक.

त्याने फोन लावला.

"आई... भाकरी बांध."



"सापडलं का रं तुला?"

"बांध तू. आत्ता येतो. अर्ध्या तासात."

"किती बांधू?"

"आण्णांना बांधायचीस तेवढी."

मग फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग भांड्यांचा. जोतिरामने फोन खिशात ठेवला. वळून त्याने उस्तादांपुढे हात पसरला.

"द्या फ्यूज. पटकन बसवतो आणि निघतो."

उस्तादांनी मुठीतले फ्यूज निरखून पाहिले. त्यांतला एक निवडून त्याच्या हातावर ठेवला.

"ह्यो पंख्याचा. म्हातारीला उकडंल."

उरलेले अकरा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि खिशावर हात ठेवला.

"आणि हे?"

"फनस बघून येताना ने."

जोतिराम हसला. सोळाव्या वर्षी या माणसाने त्याच्या हातातला पाना असाच काढून घेतला होता, तेव्हा त्याला राग आला होता. आज पायाला हात लावावासा वाटला, आणि तो वाकला. उस्तादांनी त्याचा हात अर्ध्यातच धरला, नेहमीसारखा.

गाडी सुरू झाली. पडदे उघडल्यावर लाल दिवा उन्हात दिसेनासा झाला होता, पण होता तिथंच, जेवत. गाडी बांबवड्याच्या बाजूला वळवताना जोतिरामला एक शंका आली, आणि शंका आली की विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उस्ताद! आणि समजा, तरीबी बॅटरी उतरलीच वाटेत, तर?"

उस्ताद शटरखाली उभे होते. त्यांनी घाटाकडे पाहिलं...

"भाकरी खाऊन झाली की उतरू दे खुशाल. फनसाच्या अलीकडं, का पलीकडं?"